शेवंताची मजुरी

देऊळघाटात लग्नसराईच्या दिवसांत कुणाच्या दारी पांढरी घोडी दिसली की लोक म्हणतात, पंजाबरावाची घोडी आली. त्या घोडीला पहाटे पाणी दाखवणारी, तिला खरारा करणारी आणि तिची लीद उचलणारी बाई कोण, हे कुणी विचारत नाही. तिचं नाव रुखमाबाई.

रुखमाबाईचं माहेर रोहिणखेडचं. लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा सासऱ्यांच्या दारात घोडी बांधलेली होती. नवी नवरी बघायला आलेल्या बायका आधी घोडीकडे बघत आणि मग नवरीकडे, असं ती अजूनही हसत सांगते. सासरे गेले, घोडी नवऱ्याकडे, पंजाबरावांकडे, आली. ती म्हातारी होऊन गेली, दुसरी आली. घरात दुखणीबाणी झाली, लेक नोकरीला लागला, दिवाळ्या आल्या आणि गेल्या, पण दारातला खुंटा कधी मोकळा राहिला नाही. सकाळी उठायचं, शेगावच्या महाराजांच्या तसबिरीसमोर दिवा लावायचा आणि घोडीपाशी जायचं. या दोन कामांच्या मध्ये तिनं कधी चहासुद्धा घेतला नाही.

शेवंता आली ती दोन वर्षांपूर्वी, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून. नुकरी, म्हणजे नखशिखांत पांढरी, गुलाबी नाकपुड्यांची. पंजाबरावांनी तिला टेम्पोतून उतरवलं तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती. शेवंतीच्या फुलासारखी दिसते म्हणून रुखमाबाईनंच तिचं नाव शेवंता ठेवलं.

दिसायला फूल खरी, पण वरातीत उभं राहणं तिच्या रक्तातच नव्हतं. वरातीच्या घोडीचं खरं काम चालणं नसतं, थांबणं असतं. दहा पावलं चालायचं आणि पोरांचा नाच संपेपर्यंत उभं राहायचं, पुन्हा दहा पावलं, पुन्हा उभं. कानाशी ताशा वाजतो, पायाशी फटाके फुटतात, पाठीवर नवरदेव घामाघूम झालेला असतो. शेवंता थोडा वेळ सोसायची, मग फुरफुरायची, मग मागचे पाय झाडायला लागायची. बीबी गावच्या एका लग्नात तर तिनं पुढचे पाय असे उचलले की नवरदेव घसरत खाली आला आणि मारुतीच्या पारापर्यंत राहिलेला रस्ता तो जीपमध्ये बसून गेला.

पंजाबराव तीस वर्षं या धंद्यातले. त्यांच्यापाशी दोन उपाय ठरलेले होते. पहिला असा, की लग्नाच्या आधी चार-पाच दिवस घोडी खुंट्यावरून सोडायची नाही, दम साठू द्यायचा. दुसरा, वरातीत ती बिथरली की नवरदेवाला उतरवून तिला गर्दीबाहेर न्यायचं, शेताच्या बांधानं एक फेरी पळवायचं आणि शांत झाली की परत आणायचं. आधीच्या दोन्ही घोड्या या उपायांनी निभावल्या होत्या. शेवंता मात्र प्रत्येक लग्नात आदल्या लग्नापेक्षा लवकर बिथरायला लागली.

मागच्या वर्षीच्या पोळ्याला पंजाबरावांचं उजवं अंग गेलं. बोलणं बरंचसं परत आलं, हातपाय नाही आले. ओसरीत बाजेवर पडून ते घोडीकडे पाहत राहायचे. लगाम रुखमाबाईच्या हातात आला. बाई घोडी धरून चालते म्हणून पहिल्या लग्नात लोक हसले, दुसऱ्यात सवयीचं झालं. पण तिसऱ्यात शेवंतानं बँडवाल्याच्या ढोलालाच लाथ घातली, आणि गोविंदाच्या डोक्यावरून पाणी गेलं.

गोविंदा हा रुखमाबाईचा एकुलता लेक. बुलढाण्याला एका शोरूममध्ये गाड्या दुरुस्त करतो, रोज जाऊन-येऊन असतो. घरी येऊन त्यानं डबा ठेवला आणि म्हणाला, “माय, आता बस झालं. दत्तजयंतीले मी हिले सारंगखेड्याले विकाले नेतो.”

“काऊन? तिनं का केलं तुले?”

“मले नाई केलं. उद्या कोणाचं पोरगं पडून मरंल, मंग? तू म्हातारी बाई, तुह्या हातून लगाम सुटला तर?”

“म्हातारी म्हणू नको तू मले. तुह्या बापापेक्षा मी लहान आहो.”

बाजेवरून पंजाबराव अडखळत म्हणाले, “बांधून ठेवा. दम साठू द्या.”

“बाबा, दोन वर्षं बांधून ठेवली ना. काय झालं?”

पंजाबराव भिंतीकडे तोंड करून पडले. रुखमाबाईला तेव्हा नवऱ्याचं वाईट वाटलं, आणि शेजारीपाजारी तिनं तेच कारण सांगितलं, की घोडी गेली तर यांचा जीव कशात लागंल. पण मनातून तिला ठाऊक होतं, प्रश्न तिचाही होता. मोकळ्या खुंट्याच्या दारात ती एक सकाळही जगली नव्हती. दिवा लावून झाल्यावर कुठे जायचं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

शेवटी तोड निघाली ती अशी. शेजारच्या जनकाबाईच्या लेकाचं, धम्मदीपचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं आणि घोडी शेवंताच हवी असा त्याचा हट्ट होता. गोविंदा म्हणाला, “धम्मदीप आपल्या घरचाच आहे, तो समजून घेईल. हे एक लग्न. नीट उभी राह्यली तर राहू दे. नाई राह्यली, तर मंग माय, तू माह्याशी बोलू नको.”

रुखमाबाईनं मान डोलावली. पदराला गाठ मारून महाराजांसमोर बसली खरी, पण मागावं काय, तेच सुचेना. घोडीला अक्कल दे, असं देवाला कसं सांगायचं?

धम्मदीपची बहीण समता लग्नासाठी आधीच घरी आली होती. ती पुण्याला मानसशास्त्र शिकली आणि नंतर एका प्रयोगशाळेत दीड-दोन वर्षं कामाला होती. प्रयोगशाळा कसली, तर उंदरांची. जनकाबाई हे गावात कुणाला सांगत नसे. “लेकीले एवढी शिकवली आन् ती उंदरं पाळते, कसं सांगू वं रुखमाबाई?” एवढं फक्त रुखमाबाईजवळ बोलायची.

एका दुपारी समता लग्नाचे लाडू घेऊन आली. रुखमाबाई शेवंतासमोर गुळाचा खडा धरून उभी होती आणि मोबाईलवर बँड वाजत होता. शेवंता गुळाकडे बघत नव्हती. तिचे कान बांधापलीकडच्या सोयाबीन काढलेल्या मोकळ्या वावराकडे होते.

“काकू, हे काय करून राह्यल्या?”

“शिकवून राह्यली. बाजा वाजते तवरिक उभी राह्यली तर गूळ देतो म्हणलं. पण ही घेतच नाई. भिजवलेला हरभरा दिला, गाजर दिलं, घरचा लाडू दिला तरी हुंगून सोडून देते.”

समता हसली. मग लाडवांचा डबा ओट्यावर ठेवून बराच वेळ घोडीकडे पाहत राहिली.

“काकू, आमच्याकडं एक उंदीर होता. आम्ही त्याले पिंट्या म्हणत होतो.”

“उंदराले नाव?”

“नंबर असते, पण आम्ही ठेवलं होतं. त्याच्या पिंजऱ्यात एक चाक असे, रहाटासारखं. उंदीर त्यात शिरून पळते. चाकाच्या तोंडाले दार. दार बंद. बाजूले एक दांडी, ती दाबली की दार उघडते, थोडा वेळ पळू देते आन् पुन्हा बंद. बाकी काई नाई. दाणा नाई, पाणी नाई.”

“मंग काऊन दाबते तो दांडी?”

“तेच तर. पळायले मिळते म्हणून. पळणं हेच त्याचं बक्षीस. आन् जितका वेळ त्याले चाकापासून दूर ठेवलं, तितकी तो ती दांडी जास्त दाबे.”

रुखमाबाई मोठ्यानं हसली. “माय वं! म्हणजे काम केल्याची मजुरी काय, तर आणखी काम?”

“तुमाले काम वाटते, काकू. त्याले नाई वाटत.”

रुखमाबाईचं हसू तिथंच थांबलं. रोहिणखेडच्या शाळेत ती स्वतः धावण्यात पहिली यायची. सातवीला शाळा सुटली आणि धावणंही सुटलं. पुढे आयुष्यभर ती पळालीच, चुलीपासून गोठ्यापर्यंत, विहिरीपासून घरापर्यंत, पण ते पळणं निराळं. शाळेच्या मैदानात पाय जमिनीवरून सुटल्यासारखे व्हायचे, त्यासाठी तिनं सगळा अभ्यास केला असता. गुरुजींनी मात्र तिला पहिलं आल्याबद्दल पेन्सिलीच दिल्या. तिला वाटलं, देवानं जीव घडवताना प्रत्येकाच्या आत एकेक ओढ ठेवून दिलेली असते. आपण मात्र सगळ्यांच्या तोंडासमोर गुळाचाच खडा धरतो.

तेवढ्यात समता म्हणाली, “एक विचारू? वरातीत ही बिथरली की काका काय करत?”

“काय करतीन? बाजूले नेऊन बांधानं पळवून आणत.”

“मंग काकांनी तिले शिकवलं ना. पाय झाडले की पळायले मिळते. ती दांडीच दाबून राह्यली, काकू.”

रुखमाबाई ओट्यावर बसली. आधी चार दिवस बांधून ठेवायचं, म्हणजे पळण्याची भूक वाढवायची. आणि मग तिनं दंगा केला की दंग्याच्या बदल्यात पळवायचं. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होत होतं. आधीच्या घोड्या वयानं पोक्त, त्यांना पळायची हौसच नव्हती, म्हणून निभावलं. बाजेवर पंजाबरावांनीही ऐकलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले, पण झोपले नव्हते हे तिला कळलं. समता ओशाळली. “काका, मी तसं नाई म्हणलं...”

“म्हण,” पंजाबराव म्हणाले. “खरं ते म्हण.”

दुसऱ्या दिवसापासून दोघींनी उलटा डाव मांडला. सकाळी शेवंताला मोकळ्या वावरात न्यायचं. समता छोट्या स्पीकरवर बँड लावायची, रुखमाबाई लगाम धरून उभी राहायची. पहिल्यांदा शेवंता क्षणभर उभी राहिली, तेवढ्यात समतानं बाजा बंद केला आणि रुखमाबाईनं लगाम सोडून दिला. शेवंताला आधी कळलंच नाही. मग कळलं. वावराला तिनं अशी फेरी मारली की वाळलेली सोयाबीनची पानं तिच्या मागं उडत राहिली. फेरी मारून ती आपणहोऊन जवळ आली, नाकपुड्या फुलवून उभी. पुन्हा बाजा. पाय झाडले तर बाजा चालूच, लगामही घट्ट. शांत उभी राहिली की बाजा बंद, आणि पळ.

हळूहळू उभं राहणं लांबत गेलं. समता मध्येच टाळ्या वाजवायची, भांडं आपटायची, फटाक्याची लड लावायची. धम्मदीप लाजत लाजत पाठीवर बसून गेला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात शेवंता तीन गाणी संपेपर्यंत कान हलवत उभी राहायला लागली, पाय मात्र जमिनीला खिळलेले. गोविंदानं एकदा गाडी थांबवून रस्त्यावरूनच पाहिलं. घरी येऊन जेवताना म्हणाला, “उंदरावर शिकलेली पोरगी घोडीची मास्तरीण झाली बाप्पा.”

“तुले जमलं असतं का?” रुखमाबाई म्हणाली.

“मले गाड्या जमतात. गाडीचं बरं असते. ब्रेक दाबला की थांबते, तिले काय पाह्यजे हे इचारा नाई लागत.”

लग्नाच्या दिवशी सकाळी रुखमाबाईनं दिवा लावला, शेवंताला न्हाऊ घातलं, आयाळीत निळ्या रिबिनी ओवल्या. पंजाबराव सवयीनं बांधून ठेव म्हणतील असं तिला वाटलं होतं. निघताना त्यांनी नुसता डावा हात वर केला.

वरात निघाली. पुढे बँड, मग पोरं, मग शेवंतावर पांढऱ्या कपड्यातला धम्मदीप, आणि लगामापाशी नवं लुगडं नेसलेली रुखमाबाई. चौकात पोरं नाचायला लागली. तिला वाटलं, आता. शेवंतानं एकदा मान उडवली, मग नाचणाऱ्यांकडे पाहत उभी राहिली. शाळेपाशी फटाक्यांची माळ लागली. शेवंताचे कान मागे गेले, अंगावर काटा आला, पाय हलले नाहीत. धम्मदीपचे मामा गुलाबराव पुढे येऊन म्हणाले, “वा! हे का तीच घोडी? का पुतळा आणला वं बाई?” रुखमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. गर्दीच्या कडेला गोविंदा चालत होता. त्याच्याकडे तिनं पाहिलं. त्यानं हसून मान हलवली.

अशी वरात बुद्धविहारापाशी आली.

मारुतीच्या पारावर नवरदेव जातो तेव्हा बाजा वाजतच राहतो, अधिकच जोरानं वाजतो. रुखमाबाईनं आजवर बहुतेक तशाच वराती पाहिल्या होत्या. विहारासमोर तसं नसतं. तिथं बाजा थांबतो, सगळे हात जोडतात, आणि मगच नवरदेव खाली उतरतो. समताचं तर लहानपण त्या विहाराच्या पायरीवर गेलं होतं, पण तिच्याही ध्यानात हे आलं नव्हतं.

बँडमास्तरनं हात वर केला. बाजा बंद झाला.

सगळीकडे एकदम शांत. सगळ्यांचे हात जुळले. आणि शेवंताच्या अंगातून एक लहर गेली. रुखमाबाईला ती लगामातून हातापर्यंत जाणवली. घोडीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बाजा थांबला, मी उभी होते, आता सोड. पाठीवर धम्मदीप डोळे मिटून हात जोडून बसलेला, पायरीवर म्हातारे, बाया, लहान लेकरं. गर्दीच्या पलीकडे समताच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

जुनी रुखमाबाई असती तर तिनं लगाम आवळला असता. आवळला असता तर शेवंता उभी राहिली नसती, एवढं तिला कळत होतं. आणि तिला हेही कळत होतं, की घोडीनं आपला शब्द पाळला आहे. रस्ताभर पाळला. आता पाळायची पाळी दुसऱ्याची होती.

“धम्मदीप, उतर,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “बाळा, आत्ताच उतर. काई इचारू नको.”

सकाळच्या तालमीला बसलेला होता तो, त्याला समजलं. तो सरकन खाली आला. फेट्याचा शेमला खोगिराच्या कडीला अडकून फाटला. गुलाबराव मामा डोळे वटारून पुढे सरसावले, “काय चाललं हे? वंदना होऊ द्या ना!” तोवर रुखमाबाईनं घोडीचं तोंड विहाराच्या बाजूच्या मोकळ्या पडीक जमिनीकडे वळवलं, चार लोकांना हातानं बाजूला केलं आणि लगाम सोडला.

शेवंता गेली. रिबिनी, घुंगरं, भरजरी झूल यांसकट गेली. टापांचा आवाज पैनगंगेच्या दिशेनं लांब लांब होत गेला. कुणीतरी ओरडलं, “घोडी पळाली!” लहान पोरं हसायला लागली, बायांनी तोंडाला पदर लावला. गोविंदा हातात दोर घेऊन धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“सोडली तू? माय, तू हातानं सोडली?”

“हाव.”

“इतकी चांगली आली होती वं...”

“म्हणूनच सोडली. थांब तू. दोर नको दाखवू तिले.”

आत वंदना सुरू झाली होती. शांत, संथ सूर बाहेर येत होते. रुखमाबाईला ते शब्द सगळे कळत नव्हते, तरी तिनं हात जोडले. देव कुणाचाही असो, या क्षणी तिला एवढंच मागायचं होतं, की ती परत येऊ दे. आणि आता मागणं शोधावं लागलं नाही.

दूरवर पांढरा ठिपका वळला. वावराच्या कडेनं, बांधाला लागून, शेवंतानं आपली फेरी पुरी केली आणि दुडक्या चालीनं परत आली. तोंडाला फेस, आयाळीची अर्धी रिबीन गेलेली. गर्दीतून वाट काढत ती रुखमाबाईपाशी येऊन उभी राहिली. आता बाजा लावा, असं म्हणत असल्यासारखी.

गोविंदानं दोर खाली टाकला.

“अशीच येते का रोज?”

“रोज. तू पाह्यलं असतं गाडीवरून उतरून, तर तुले दिसलं असतं.”

“आन् हे लोकायले कसं सांगशील? बाजा थांबला की घोडी पळंल म्हणून?”

“तसं नाई सांगणार. आधी नवरदेव उतरवा, मंग बाजा थांबवा, एवढंच सांगीन. ज्याले पटंल तो नेईल, ज्याले नाई पटणार तो मोटारीत बसवंल नवरदेवाले.”

समता धावत आली होती. “काकू, चूक माही झाली. मी खूण चुकीची निवडली. दुसरी खूण शिकवू तिले, तुमी शिट्टी वाजवा...”

“मले शिट्टी येत नाई.”

“मी शिकवतो,” गोविंदा म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच चपापला, कारण सारंगखेड्याला जाणाऱ्या घोडीला कुणी नवी खूण शिकवत नाही. रुखमाबाईनं ते ओळखलं, पण बोलून दाखवलं नाही. लेकाला स्वतःच्या तोंडानं बोलू द्यावं लागतं. त्यानं शेवंताच्या तोंडावरचा फेस रुमालानं पुसला आणि म्हणाला, “टेम्पोवाल्याले सांगून ठेवलं होतं मी. नाई म्हणून सांगतो.”

गुलाबराव मामा जेवणाच्या पंगतीपर्यंत रागात होते. फाटलेला फेटा त्यांनी तीनदा तरी लोकांना दाखवला. पण त्याच पंगतीत एका पाहुण्यानं रुखमाबाईला हाक मारून आपल्या लेकाच्या लग्नाची तारीख सांगितली. तिनं अट सांगितली. तो विचारात पडला.

“बाई, ही अट तुमची का घोडीची?”

“घोडीची,” रुखमाबाई म्हणाली. “पण सांगणं माह्याकडं आहे.”

तो हसला, विचारून कळवतो म्हणाला. कळवलं की नाही, ते नंतरचं.

घरी आली तेव्हा पंजाबराव उशीला टेकून बसले होते. गल्लीतल्या पोरांनी बातमी आधीच आणली होती, तरी त्यांना तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

“उभी राह्यली?”

“राह्यली. चौकात, शाळेपाशी, सगळीकडं.”

“मंग?”

“मंग पळाली. मी सोडली.”

पंजाबरावांनी मान वळवली. बाहेर खुंट्यापाशी गोविंदा शेवंताला पाणी दाखवत होता आणि तोंडानं शिट्टी वाजवून बघत होता. ती नीट वाजत नव्हती.

“दोन वर्षं,” ते सावकाश म्हणाले, “मी तिले पळताना नीट पाह्यलंच नाई. धरूनच होतो.” डाव्या हातानं त्यांनी बाजेची कड चाचपली. “सकाळी मले खुर्चीत बसवून वावरात नेशील का? गोविंदाले सांग. तुमी दोघं मिळून उचला.”

“नेऊ,” रुखमाबाई म्हणाली, आणि हात धुऊन सांजेचा दिवा लावायला आत गेली.